आधी सत्कार, मग बारव

सत्कार झाल्याशिवाय सुंदररावांचं पाऊल पुढे पडत नाही, हे अख्ख्या युसूफ वडगावला ठाऊक होतं. सोसायटीचे चेअरमन ते. पण त्यांच्याबरोबर दिवसभर हिंडायची पाळी कुणावर आली नव्हती, ती चतुराबाईंवर आली.

ही अंबाजोगाईची फेरी त्यांच्याच हट्टापायी निघालेली. गावातली जुनी दगडी बारव, म्हणजे चारी बाजूंनी पायऱ्या असलेली विहीर, सोसायटीच्या जागेत होती, गाळाने निम्मी भरलेली. ती बुजवून वर गोदाम बांधायचा ठराव सुंदररावांनी आणला, आणि संचालकांतल्या एकट्या बाई, चतुराबाई, अडून बसल्या. अंबाजोगाईत उतारावरची अशीच बारव लोकांनी उपसली आणि तिला पाणी लागलं, असं त्यांच्या कानावर होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाण्याचं नाव निघालं की कुणालाही गप्प बसावं लागे.

"चला, बगून यिऊ," सुंदरराव म्हणाले होते. "पानी असंल तर आपली उपसू. नसंल तर उद्याच्या मीटिंगीत बुजवायचा ठराव. कबूल?"

चतुराबाई कबूल म्हणाल्या.

सकाळी योगेश्वरीचं दर्शन झालं, इथवर ठीक. मग एका पतसंस्थेत शाल आणि नारळ. मग दूध संस्थेत टॉवेल-टोपी, चहा, भाषण. बाजारात फुलाचा पत्ता नव्हता, म्हणून हार कागदाचे होते, पण हार हवेच. इकडे चढउताराच्या गल्ल्या, दगडी कमानी, डोंगराच्या कडेची मुकुंदराजांची समाधी, सगळं जीपच्या खिडकीतून मागे पळत होतं. हत्तीखान्याच्या लेण्यात चतुराबाई जेमतेम पहिल्या दगडी हत्तीपाशी पोचल्या, तोच ड्रायव्हर बन्सी धापा टाकत आला.

"बाई, चला की. मार्केटवाले हार घिऊन उभे हायती."

"आरं, बारव कवा बगायची?"

"ते मला कावून इचारता? चेअरमनला इचारा."

चेअरमनला विचारलं, तर ते म्हणाले, लोकांचा मान मोडता येत नाही. चतुराबाईंचा संताप संताप झाला. यांना बारव बघायचीच नव्हती. अंधार पडला की जीपमध्ये बसून 'बघितली' म्हणायला हे मोकळे.

ऊन कलल्यावर एकदाची जीप उतारावर थांबली. तिथेही मोहनराव नावाचे तिथल्या सोसायटीचे चेअरमन शाल घेऊन सज्ज. चतुराबाई न थांबता सरळ बारवेच्या काठाशी गेल्या, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बारवेत टँकर रिता होत होता. तळाशी चिखल, आणि त्यावर टँकरची धार.

"झरा आटला, बाई, होळीलाच," मोहनराव म्हणाले.

सुंदररावांनी वरूनच एक नजर टाकली. "बगितलं का? चला. इषय संपला."

चतुराबाई रडायच्या बेताला आल्या. एवढी वणवण, एवढा हट्ट, आणि हातात काय? तरी पाय निघेना. त्या पायऱ्या उतरल्या.

खाली पन्नासेक बाया होत्या. चारी बाजूंनी पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एकीचा घडा दुसरीच्या हातात. धक्का नाही, ओढाओढ नाही, कुणी कुणाला शिवी देत नाही. चतुराबाई बघतच राहिल्या. त्यांच्या गावात टँकर अरुंद विहिरीत ओतत. काठावर दोघींपुरती जागा आणि वर शंभर जणींची झुंबड. गेल्याच महिन्यात त्यांची थोरली जाऊ गीताबाई त्या रेटारेटीत आत पडली. कंबर मोडली, तेव्हापासून बाजेवरच होती.

वरून हाका सुरू झाल्या. फोटो राहिला होता, शालीसाठी बाई हव्या होत्या.

चतुराबाई वर आल्या. मोहनरावांनी पुढे केलेली शाल त्यांनी घेतली नाही.

"चेअरमनसाहेब, खाली उतरून बगा एकदा."

"काय बगायचं? पानी न्हाई. तुमी कबूल केलंतं."

"केलंतं. पान्याचं चुकलं माझं. पर टँकर तर आपल्याकडं बी येतोच की, त्यो आपल्या बारवंत वतू. हितं बाया पडत न्हाईत."

"ते ठरावात बसत न्हाई," सुंदरराव म्हणाले आणि जीपकडे वळले.

"मग उद्या गीताबाईला बाजंसकट मीटिंगीत आनती," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या म्होरं बुजवायचं म्हना. मी सही करती."

मोहनराव फोटोवाल्याला काहीतरी सांगत होते. सुंदररावांनी जीपच्या दाराला लावलेला हात खाली घेतला आणि खांद्यावरची शाल बन्सीकडे देऊन ते पायऱ्या उतरू लागले.