खडूची फुली

मी कामगार नाही म्हणे! कमरीपेठेत वेंकटेशशेठच्या टेलरिंगच्या दुकानात अकरा वर्षं शर्ट शिवले, सुया टोचून बोटांची चाळण झाली, आणि त्याचा वकील भर कोर्टात म्हणतो, ही कृष्णाबाई स्वतंत्र व्यावसायिक आहे.

गोष्ट एकोणऐंशी सालची. दुकानात आम्ही सहा बाया, आणि बायकांना संडास नाही. बापे मागच्या बोळात भिंतीकडं तोंड करून मोकळे. आम्ही काय करायचं? सकाळपासनं पाण्याचा घोट घ्यायचा नाही, बस्स. माझ्या शेजारच्या मशीनवर लक्कव्वा. तिला सातवा महिना. एक दिवस बसल्या जागी चक्कर येऊन पडली. डॉक्टर तिलाच रागावला, पाणी का पीत नाहीस म्हणून. माझं टाळकंच सटकलं. तशीच शेठपुढं जाऊन उभी राहिले.

"शेठजी, बायकांसाठी संडास बांधा."

"कृष्णक्का, तुझं मशीन उचल. उद्यापासनं येऊ नकोस."

धारवाडच्या शकुंतलाबाई वकिलांनी माझी केस घेतली. त्यांनी आधीच सांगितलं, "कायद्यात कामगार कुणाला म्हणायचं, सगळं त्यावर आहे. तू कामगार ठरलीस तर काम परत मिळेल. नाही ठरलीस, तर पुढचं कुणी ऐकूनसुद्धा घेणार नाही."

शेठ साक्षीला उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. म्हणाला, "साहेब, मशीन तिचं. हजेरीपुस्तक नाही. मनाला येईल तेव्हा येते, जाते. नगावर पैसे नेते. मग ती माझी कामगार कशी?"

आणि मेल्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं! शकुंतलाबाईंनी उलटसुलट विचारलं, पण गडी हलेना. तेवढ्यात माझी नजर त्याच्या गळ्याकडं गेली. कॉलर माझ्या हातची. मी ताडकन उठले.

"साहेब, त्यांच्या अंगातला शर्ट मी शिवलाय! ती कॉलर मला तीनदा उसवायला लावली!"

"बाई, खाली बसा," जज्जसाहेब ओरडले.

पण शेठला राहवतंय होय? दुकानाच्या नावाला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. "तीनदा? चारदा, साहेब! माझ्या दुकानातनं वाकडी कॉलर बाहेर जात नाही. मी निळ्या खडूनं फुली मारली की उसवायचं न् पुन्हा शिवायचं. पैसे नाहीत त्याचे. कोण का असेना!"

"आणि नाही उसवलं तर?" शकुंतलाबाईंनी हळूच विचारलं.

"दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढू देत नाही!"

त्याच्या वकिलानं कपाळावर हात मारला. जज्जसाहेबांनी लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी निकाल लागला. साहेबांनी कन्नडात वाचला. मशीन कुणाचं, वेळ कुणाची, एवढ्यानं भागत नाही. केलेलं काम नापास करून पुन्हा करून घ्यायचा हक्क ज्याच्याकडं, त्याच्याच हाताखाली ती बाई राबते. ती कामगारच. तिला कामावर घ्या. मी बाकावर बसून घळाघळा रडले. लाज कसली त्यात!

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर मशीन घालून दुकानात गेले. लक्कव्वा बाळंतपणाहून परत आली होती. तिनं सरकून जागा केली. शेठनं मान वर केली नाही. मी त्याच्या टेबलावरचा निळा खडू उचलला, मागच्या अंगणात गेले आणि फरशीवर चार रेघा ओढून चौकोन केला. शेठ धावत आला.

"हे काय?"

"इथं बांधायचा," मी म्हटलं. "कडी आतनं पाहिजे. आणि नीट नाही झालं, तर पाडून पुन्हा बांधायला लावीन."