समईच्या बुडातल्या सहा

विनीताला एक खोड होती आणि तीच तिला नडली. सण कुठलाही असो, मराठी मंडळींच्या ग्रुपवर पूजेचा पहिला फोटो तिचाच पडायला हवा. परदेशातल्या त्या शहरातली, हौगांगपासून पासिर रिसपर्यंतची दोनशे घरं त्या ग्रुपवर होती. खंडेनवमीच्या सकाळी तिची मीटिंग सुरू व्हायला चार मिनिटं उरली होती. तेवढ्यात तिने सासऱ्यांनी मांडलेल्या पूजेचा फोटो काढला, ‘आमच्या अण्णांची शस्त्रपूजा’ असं लिहून पाठवला आणि मीटिंगला बसली. पूजेत काय काय ठेवलंय ते बघायला सवड कुणाला होती!

बघितलं ते तासाभराने, चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आल्यावर. पाटावर विळी, कात्री, लेकीचा, जाईचा कंपास, नवऱ्याचे, संजीवचे स्क्रूड्रायव्हर. त्यांच्यापुढे ताम्हनात तांदूळ पसरून त्यात सहा पितळी नळ्या ओळीने उभ्या केलेल्या. सकाळी घाईत तिला त्या अत्तराच्या बाटल्या वाटल्या होत्या. प्रत्येकीला हळदकुंकू होतं, प्रत्येकीवर झेंडूची पाकळी. ती वाकली. काडतुसं होती ती.

अण्णा शेजारी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, भलतेच खुशीत. महिनाभरासाठी साताऱ्याहून आले होते. सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेलेली. तिने विचारायचा अवकाश, ते सुरूच झाले. चारशे पंचावन्न बोअर म्हणे, जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची. कारखान्याने काढायची बंद केली त्याला चाळीस वर्षं होत आली. हल्लीच्या गोळ्या म्हणजे नुसत्या लवंगी फटाक्या. ही सुटली की आधी मनगटाला कळायचं, मग कानाला. जाड कागदाच्या पुड्यात सुतळी बांधून यायच्या, पुडा उघडला की तेलाचा वास. बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. विनीताला त्यांची दयाही आली आणि संतापही आला.

शस्त्रागारात रोज संध्याकाळी मोजणी व्हायची. एक गोळी जरी कमी भरली तरी दार आतून लावून घ्यायचे, आणि ती सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मग या सहा कशा आल्या? शेवटचा साठा नष्ट करायला निघाला, त्या दिवशी मोजणारे अण्णाच होते. रिव्हॉल्व्हर एकदा भरायला सहा लागतात, म्हणून सहा ठेवल्या. आणि इथे कशा आल्या, तर दोन वर्षांपूर्वी संसाराचं सामान जहाजाने निघालं तेव्हा अण्णांनी त्या पितळी समईच्या पोकळ बुडात घातल्या आणि वरून मेण ओतलं. ती समई विनीता दोन वर्षं रोज तिन्हीसांजेला लावत होती! जाई तिच्यासमोर बसून शुभंकरोती म्हणत होती.

या देशात एक गोळी घरात सापडली तरी तुरुंग, हे तिला ठाऊक होतं. अण्णांचं वय त्र्याहत्तर. संजीवचा इथे नोकरी करायचा पास रद्द झाला तर घर, नोकऱ्या, जाईची शाळा, सगळ्यावरच पाणी. तिने संजीवला ऑफिसात फोन लावला. तो म्हणाला, कचरा खाली सोडायच्या चूटमध्ये टाक, नाहीतर समुद्रावर जाऊन फेकून ये. शहाणाच आहे! या गावात कॅमेऱ्याच्या नजरेतून चिमणी सुटत नाही.

मग तिला फोटो आठवला. ग्रुप उघडला. हौगांगच्या अमेयने विचारलं होतं, “ताई, पुढे उभं केलंय ते काय आहे?” त्याखाली काहीच नाही. एरवी तिच्या फोटोला पन्नास जणांचे जोडलेले हात येत. आज एकही नव्हता. एकशे बेचाळीस जणांनी फोटो पाहिला होता आणि सगळे चिडीचूप. तिने तो काढून टाकला. पण साप गेल्यावर भुई धोपटून काय उपयोग?

दुसऱ्या कुणी कळवण्याआधी आपणच पोलिसांना कळवायचं, असं तिने ठरवलं. अण्णा ऐकेनात. दसऱ्यापर्यंत पूजा हलवायची नसते, म्हणाले. तिने त्यांच्यासमोर मांडी घातली.

“अण्णा, आपण काही लपवलं नाही, एवढी एकच गोष्ट आपल्या बाजूची आहे. सहाच्या सहा त्यांच्या हातात द्यायच्या.”

 अण्णांनी मान हलवली आणि उत्तरपूजेपुरता वेळ मागितला. विनीता फोन करायला आतल्या खोलीत गेली. आयुष्यात ‘हॅलो’ म्हणायला तिला कधी इतका वेळ लागला नसेल.

पोलीस लवकर आले, तिला वाटलं होतं त्याहूनही लवकर. तिघे होते. पुढच्या अधिकाऱ्याने तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला फोन पुढे धरला. त्यावर तिचाच फोटो होता. तिच्या फोनच्या आधी सहा मिनिटं कुणीतरी तो पाठवला होता. ग्रुपवरच्या कुणी, ते त्याने सांगितलं नाही. तिने स्वतः कळवलं हे बरं केलं, एवढं मात्र म्हणाला. विनीताचा जीव जरासा भांड्यात पडला. जाईची शाळा सुटायला वीस मिनिटं होती.

हातमोजे घातलेली बाई ताम्हनाशी वाकली आणि हलक्या आवाजात मोजू लागली. पाचावर थांबली. अधिकाऱ्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, ताम्हनाकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. ओळीच्या टोकाला तांदूळ सारखे केले होते, पण कुंकवाचा डाग राहिला होता. एवढ्याच आहेत का, त्याने विचारलं. अण्णा इंग्रजीत म्हणाले, हो, पाचच. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशावर होता.

विनीताने डोळे मिटले. “अण्णा, सहावी द्या.”

“एक राहू दे, सूनबाई. एकच,” अण्णा म्हणाले. “माझं दुसरं काय उरलंय?”

अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण खिशावरचा हात त्याने पाहिला होता.  तो मागे गेला आणि त्याने दार आतून लावून घेतलं.