दोराचं दुसरं टोक

“अहो बाई, तो दोर रेलिंगला बांधा आणि मांडवामागे जा. फोटोत येताय.”

सुपरवायझर विश्वजीतकडे प्रेमलाने पाहिलंही नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याच्या गढूळ पाण्याखाली, तिचा नवरा सर्जेराव होता. बुडालेल्या जुन्या धक्क्याच्या सळया तो कापत होता. बोटींचे तळ त्यांच्यावरच फाटायचे. खाली स्वतःचा हातही दिसत नाही. एक हिसका म्हणजे ठीक आहे, सारखे हिसके म्हणजे ओढा.

“रेलिंगला कळतंय व्हय, मानूस गुतलाय म्हनून?”

“दोर धरायला काय पीएच.डी. लागते? उद्घाटनाचे पाहुणे फाटकाशी आलेत.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. धाकट्या दिराचा, उत्तरेश्वरचा, दोर असाच एकाने खुंटीला बांधला होता. फोनवर बोलायचं होतं म्हणून. खालून हिसके येत राहिले. खुंटी जागची हलली नाही. तेव्हापासून सर्जेरावचा दोर ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नव्हती.

विश्वजीतने सजवलेल्या बोटीच्या चालकाला हाक मारली. “इंजिन चालू कर रे. आवाज ऐकून येईल वर.”

“पंखा फिरंल की खाली! माझा मानूस हाय तिथं!”

चालकाचा हात किल्लीकडे गेला. प्रेमला दोर न सोडता बोटीत उतरली, किल्ली हिसकावून घेतली आणि हात पाण्यावर धरला.

“या म्होरं, साहेब. या की. सोडते बघा पान्यात.”

पाहुणे हारांसकट येऊन उभे राहिले. कुणीतरी हसलं. विश्वजीत दातओठ खात पुटपुटला, “उद्यापासून यायचं नाही. दोघांनीही.”

“आधी त्यो वर यील. मग काय त्ये बोला.”

दोर हलला. एक हिसका. तिने उलट एक दिला. सगळे ताटकळले. अखेर सर्जेराव वर आला तो शेवटची सळई घेऊनच. मग तिने किल्ली चालकापुढे टाकली.

फीत कापली गेली. बोट त्या जागेवरून अलगद पुढे गेली. तळाला काहीच लागलं नाही. टाळ्या झाल्या.

मांडवामागे चिखलात दोघं बसली. काम गेल्याचं तिने सांगितलं. दोर अजून सर्जेरावच्या कमरेला होता आणि दुसरं टोक तिच्या मुठीत.

त्याने दोराला एक हिसका दिला.

तिने दूर गेलेल्या बोटीकडे एकदा पाहिलं. मग तिने उलट एक दिला.