हलवून पाहिलेलं घर

“मावशी, कपाट भिंतीला बांधलंत ना?” इंजिनिअर बाईंनी जिन्यातून विचारलं.

“बांधलं. कपबश्या मोकळ्याच ठेवल्यात. तुम्हीच म्हणालात, खऱ्या घरासारखं मांडा म्हणून. खऱ्या घरात कपबश्या कोण बांधून ठेवतं?”

इंजिनिअर बाई हसल्या आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

ती इमारत कुणी राहायला बांधलेली नव्हती. सहा मजली, सगळी लाकडाची, आणि एका प्रचंड लोखंडी पाटावर उभी केलेली. भूकंपात जमीन हलते तसा तो पाट यंत्रानं हलवायचा, इमारत कसा मार खाते ते बघायचं आणि त्यावरून पुढची उंच लाकडी घरं बांधायची, असं त्या केंद्राचं काम होतं. मावशींचं काम चाचणीच्या आधी आणि नंतर. आधी खोल्याखोल्यांत संसार मांडायचा; नंतर फुटकंतुटकं झाडून काढायचं. मधल्या वेळात त्या तिथे थांबत नसत. भोंगा व्हायच्या आत कँटीन गाठायच्या आणि खिडकीकडे पाठ करून बसायच्या. कुणी कारण विचारत नसे. मावशींचा नवरा भूकंपात गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून त्या पत्र्याच्या एका खोलीत राहत. डोक्यावर मजला नको, पायाखाली मजला नको. लेकीच्या लग्नाचा हॉल वरच्या मजल्यावर निघाला, तर विहीणबाईंशी वाकडं घेऊन त्यांनी हॉल बदलायला लावला होता.

कामापुरतं मात्र त्या सहा मजले चढत. “काम करताना भीती वाटत नाही,” त्या म्हणायच्या. “बसलं की वाटते.”

आजची चाचणी शेवटची आणि सगळ्यांत मोठी. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. लेक आली. मावशी खाली उतरल्या तेव्हा ती कठड्यापाशी पर्सचा पट्टा पिळत उभी होती. लहानपणी परीक्षेत नापास झाली तेव्हाही अशीच उभी होती.

“काय झालं? जावयांशी भांडलीस?”

“नाही गं. आई, आम्ही घर घेतलंय.”

“मग तोंड का उतरलंय? चांगली गोष्ट आहे की. कुठे?”

“गावाबाहेर नवीन इमारत होतेय ना, लाकडाची. तिच्यात.” लेकीनं पट्ट्याला आणखी एक पीळ दिला. “नवव्या मजल्यावर.”

मावशींची नजर समोरच्या सहा मजल्यांवरून वर गेली.

“तुझ्यासाठी खोली ठेवलीय.”

“मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“मग आता काय हो म्हणणारे?”

“आई, तू माझ्या घरी एकदा तरी जेवलीस का? आत्ता चौथ्या मजल्यावर राहतो, तर तू फाटकापाशी येतेस, डबा देतेस नि निघून जातेस. मी गॅलरीतून तुझी पाठ बघते. मला आता पाठ नकोय बघायला.”

तेवढ्यात भोंगा झाला. मावशींचे पाय सवयीनं कँटीनकडे वळले. दोन पावलं जाऊन त्या थांबल्या.

“बघू तरी,” त्या रागानंच म्हणाल्या, “कसलं घर घेतलंय ते.”

इंजिनिअर बाई त्यांना पाहून चकित झाल्या, पण दाखवलं नाही. नुसत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, खरं सांगा. हे पडणार नाही?”

“पडू नये म्हणूनच सगळी खटपट आहे. त्या मोठ्या भिंती बघा, मावशी. त्या पायाला जखडलेल्या नाहीत. आतून वरपासून खालपर्यंत पोलादी दोर ताणलेत. धक्का बसला की भिंत एका कडेनं जराशी उचलते, डोलते, आणि दोर तिला परत जागेवर ओढतात. मधे पोलादी पट्ट्या आहेत ना, मार त्या खातात. वाकल्या की बदलायच्या. काहीच होणार नाही असं मी म्हणणार नाही. माणसं आपल्या पायांनी बाहेर येतील, एवढ्यासाठी हे करतो आम्ही.”

पाट हलला. आधी खालून गुरगुर आली, मग इमारत एका अंगाला गेली. लाकूड करकरलं. आत काहीतरी खळकन फुटलं. मावशींनी लेकीचं मनगट धरलं. वरचा मजला इकडून तिकडे जात होता, भिंती तळापाशी उचलत होत्या, पुन्हा टेकत होत्या. मावशींनी डोळे मिटले नाहीत. मिटायचे ठरवले असते तरी मिटले नसते.

मग सगळं थांबलं. इमारत थोडी डोलली आणि होती तशी सरळ उभी राहिली.

आधी तपासणारे आत जाऊन आले. त्यांनी हात हलवल्यावर मावशींनी झाडू उचलला आणि थेट सहावा मजला गाठला. लेक धापा टाकत मागून पोहोचली तेव्हा त्या झाडत नव्हत्या. झोपायच्या खोलीचं दार एका बोटानं उघडत होत्या, लोटत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

“आई?”

“आपलं घर पडलं नव्हतं गं लगेच,” मावशी दाराकडे बघत म्हणाल्या. “तू शाळेत होतीस. चौकट वाकडी झाली नि दार अडकलं. मी बाहेरून ओढत होते. ते आतून म्हणत होते, घाबरू नकोस, मी ढकलतो. मग दुसरा धक्का आला.”

हे लेकीनं कधीच ऐकलं नव्हतं.

“मला वाटायचं, माझाच जोर कमी पडला.” त्यांनी दार पुन्हा लोटलं. “इथे बघ. जोर लागतच नाही.”

लेकीनं त्यांच्या हातातून झाडू काढून घेतला. जमिनीवर कपबश्यांचे तुकडे पडले होते, भिंतीवरच्या पातळ फळीला एक तडा गेला होता. मावशी तुकडे चुकवत पलंगापर्यंत गेल्या. हातानं गादी दाबून पाहिली. मग हळूच बसल्या आणि शेजारची जागा थोपटली.

“सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येईल त्या नव्या घरात?”

“तुझ्या.”

खालून इंजिनिअर बाईंची हाक आली, “मावशी, झाडायला कुणाला पाठवू का?”

“नको,” मावशींनी बसल्या जागेवरून सांगितलं. “जरा बसलोय आम्ही.”