प्रॉक्सी समजावताना

साईप्रिया आली तेव्हा सव्वादहा वाजले होते. तिची परीक्षा अकराच्या आत उघडली नाही तर पुन्हा उघडणार नव्हती. हे मला नंतर कळलं. येताना ती इतकंच म्हणाली होती, "आजोबा, नेट लागत नाही. आज पेपर आहे." मे महिन्यात कसला पेपर, हे मी विचारलं नाही. दुपारी वगैरे असेल असं मी धरून चाललो.

पुढचं सांगण्याआधी माझ्या घरची रीत सांगायला हवी. मी एकतीस वर्षं सरकारी शाळेत आधी गणित आणि मग कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त झाल्यापासून तंजावरातल्या आमच्या मराठी घरांतल्या मुलांना सुट्टीत देवनागरी शिकवतो. ही मुलं मोठ्यांचं मराठी समजतात, पण उत्तर तमिळमध्ये देतात. म्हणून माझ्या ओसरीवर मराठीच बोलायचं, चुकलं तरी चालेल. मी सांगत असताना मधे बोलायचं नाही, शंका शेवटी विचारायची. आणि मुलांच्या पाटीला, वहीला, कॉम्प्युटरला मी हात लावत नाही. ज्याचं त्यानं करायचं. साईप्रिया सात वर्षांची असल्यापासून ही रीत पाळत आली होती. आता ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तरी चपला काढून लहानपणी बसायची तिथेच, खांबाला टेकून बसली.

पेपर म्हणजे चेन्नईतल्या एका कंपनीची नोकरीची परीक्षा होती, हेही मला नंतरच कळलं. तिच्या कॉलेजातून अकरा जणांनाच बोलावणं आलं होतं. ही परीक्षा मोबाइलवर देता येत नव्हती. कॅमेरा असलेला लॅपटॉपच लागे, आणि एकदाच देता येई. परवाच ती वसतिगृहातून सामान घेऊन घरी आली होती. सकाळी नऊला तिनं लॅपटॉप उघडला, तेव्हा तिला कळलं की एकही पान उघडत नाही. तासभर एकटीनं खटपट करून मग ती माझ्याकडे आली.

तिनं माझ्या घरचं वायफाय जोडलं. पडद्यावर पान उघडण्याऐवजी एक इंग्रजी वाक्य आलं, सकाळी तिच्या घरी आलं होतं तेच. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. मी म्हटलं, आता अर्थ सांग. ती थांबत थांबत म्हणाली, "प्रॉक्सी सर्व्हर नको म्हणतोय."

मला फार आनंद झाला. नंदिता आणि लावण्या, दोघी आठ-नऊ वर्षांच्या, शेजारी बाराखडी गिरवत होत्या. मी त्यांनाही जवळ बोलावलं. असा धडा आयता चालून येत नाही, असं मला वाटलं.

"आपल्या गल्लीत भाजी कोण आणतं?" मी विचारलं.

"धनलक्ष्मी," दोघी म्हणाल्या.

"तुम्ही मंडईत जाता का?"

"नाही. ती जाते."

"मग धनलक्ष्मी म्हणजे प्रॉक्सी. वसतिगृहात साईप्रियाचा लॅपटॉप स्वतः बाहेर जात नव्हता. काही हवं असलं की तिथल्या धनलक्ष्मीला सांगायचा. आता ती धनलक्ष्मी राहिली वसतिगृहात. हा वेडा इथे येऊनही तिचंच दार वाजवतोय."

मुली हसल्या. नुसतं सांगून भागणार नव्हतं, म्हणून मी ते करूनच दाखवलं. लावण्याला धनलक्ष्मी केलं. नंदितानं चिंच मागायची, लावण्यानं स्वयंपाकघरातून आणून द्यायची. मग लावण्याला खोलीत बसवून दार लावलं आणि नंदिताला पुन्हा चिंच मागायला लावली. ती दार वाजवत राहिली. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं, पण सांगितल्याखेरीज तिकडे वळली नाही. मी साईप्रियाकडे पाहिलं. ती हसली, पण उशिरा. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. घरी जायची घाई असेल, असं मला वाटलं.

मग मी तिला सेटिंग शोधायला सांगितलं. कुठे असेल, विचार कर म्हटलं. ती एका यादीतून दुसऱ्या यादीत गेली, चुकली, मागे आली. तिसऱ्या खेपेला नेटवर्कखाली प्रॉक्सी सापडली. तिथे वसतिगृहाच्या प्रॉक्सीचा पत्ता आणि पुढे चार आकडी पोर्ट नंबर तसाच भरलेला होता. तिनं तो बंद केला आणि पान पुन्हा उघडलं. पडद्यावर तेच वाक्य.

हे असं होणार, मला माहीत होतं. तिच्या ब्राउझरची स्वतःचीही वेगळी प्रॉक्सी सेटिंग होती. लॅपटॉपची बंद केली तरी ती चालू राहते. वसतिगृहात कुणीतरी दोन्हीकडे पत्ता भरून दिला असणार. मला दहा सेकंदांत ती काढता आली असती. पण शोधू दे, एकदा स्वतः सापडलं की जन्मभर विसरणार नाही, असा माझा विचार.

ती तमिळमध्ये म्हणाली, तुम्हीच करा ना आजोबा. मी बोटानं लहान मुलींकडे खूण केली. तिनं मान खाली घातली आणि मराठीत म्हणाली, "तुम्ही करा, आजोबा."

"माझ्या हातानं झालेलं तुझ्या हातात राहणार नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी हजारो वेळा म्हटलं असेल. "एक दार बंद केलंस. आता बघ, धनलक्ष्मीचा पत्ता आणखी कुणाकडे लिहिलेला असेल?"

तिच्या कपाळावर घाम होता. मी पंखा वाढवला आणि वाट पाहू लागलो. वाट पाहणं हे मला चांगलं जमतं. शाळेत सगळे त्याबद्दल माझी स्तुती करत. ती ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेली, तिथेही चुकली, शोधायच्या चौकटीत शब्द टाइप केला, अक्षरं उलटसुलट झाली, पुसून पुन्हा टाइप केला. शेवटी ब्राउझरची प्रॉक्सी सेटिंग उघडली. 'प्रॉक्सी नको' या ओळीवर तिनं खूण केली आणि पान नव्यानं उघडलं.

पान आलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

साईप्रिया वाचत होती. मी चष्मा सरकवून वाकलो. परीक्षेत प्रवेशाची वेळ अकरा वाजता संपली आहे, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली कोपऱ्यात अकरा वाजून सहा मिनिटं झालेली दिसत होती.

मी विचारलं, हे काय आहे. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, तमिळमध्ये, हळू आवाजात. या वेळी मी तिला थांबवलं नाही.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगत होतात, आजोबा," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप मिटला, येते म्हणाली, चपला घालून गेली. मुली माझ्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांना त्या दिवशी लवकर घरी पाठवलं.

दुपारी उन्हातच मी तिच्या घरी गेलो. तिची आई कनकलता जवळच्या ओरत्तनाडू गावातल्या एका सरकारी कार्यालयात काम करते. मुलीचा फोन आल्यावर ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसनं परत आली होती. मी तिला सरळ सांगितलं की चूक माझी आहे. ती म्हणाली, असं कसं, लहानपणापासून तुम्हीच तर शिकवलंत. साईप्रिया तिथेच बसली होती. मी तिच्याकडे कंपनीचा नंबर मागितला आणि दोघींसमोरच फोन लावला. बऱ्याच वेळानं एका मुलीचा आवाज आला. मी माझं नाव सांगितलं, वय सांगितलं, काय झालं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, परीक्षा तुमची आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग मी तुमच्याशी बोलू शकत नाही, उमेदवाराला द्या.

मी फोन साईप्रियाच्या हातात दिला. तिनं इंग्रजीत सांगितलं की घरी नेटची अडचण आली. माझं नाव घेतलं नाही. पलीकडून काहीतरी लांबलचक सांगितलं जात होतं. ती "येस, मॅडम" म्हणत राहिली. मग फोन माझ्याकडे परत देत म्हणाली, त्या म्हणतात, आदल्या दिवशीच तपासून ठेवायला हवं होतं, दुसरी संधी नसते.

मग कनकलता म्हणाली, आमच्या कार्यालयाजवळ एक कॉम्प्युटर सेंटर आहे, तिथे टायपिंगला माणूस हवं आहे. सोमवारपासून ये म्हणाले तर हिनं तिथे जावं, सकाळची बस दोघींना मिळून धरता येईल. साईप्रियानं मान डोलावली.

कनकलतानं मला टंबलरमध्ये कॉफी आणून दिली. साखर माझ्या सवयीप्रमाणे कमी होती. साईप्रिया पलीकडच्या खोलीत जाऊन वसतिगृहाची पेटी रिकामी करू लागली; एकेक पुस्तक काढून ती वरच्या फळीवर रचत होती. कॉफी निवत आली तरी मी ती सावकाश, शेवटपर्यंत प्यायलो. त्या घरात मला करता येण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं.