जेथ्रोची रूम

दारावर टकटक झाली आणि डॉर्कस दचकली. या कोळ्यांच्या गावात कुणी दार वाजवत नाही. शेजारीपाजारी थेट स्वयंपाकघरात येऊन स्टोव्हपाशी बसतात. टकटक करतात ते फक्त पाद्रीबुवा आणि सरकारी माणसं, आणि पाद्रीबुवा तर कालच चहा पिऊन गेलेले.

तान्ह्या लेकीला, ट्रायफीला, कडेवर सावरत तिनं दार उघडलं. चष्मा लावलेला एक तरुण हातात पेटी घेऊन उभा होता. नाव फ्रॅम्टन, सेंट जॉन्स शहरातल्या विद्यापीठातून आलोय, तुमच्या तोंडचे जुने शब्द गोळा करतोय, असं त्यानं सांगितलं. पेटीत आवाज धरून ठेवायचं यंत्र होतं. ते टेबलावर मांडून त्यानं पहिलंच विचारलं, इथे रूम कशाला म्हणतात?

सगळे शब्द सोडून नेमका हाच. डॉर्कसचा संशय पक्का झाला. समोरच्या किनाऱ्यावरची मासे उतरवायची शेड, मिठाची कोठी, कॉड मासे वाळवायचे लाकडी माच, या सगळ्याला मिळून गाव रूम म्हणे. कागद कुणाकडेच नव्हता. जो वापरेल त्याची, असा रिवाज. ती चालवणारे सासरे यंदा वारले, नवरा जेथ्रो मासेमारीला दूर लॅब्राडोरला दुसऱ्याच्या बोटीवर, आणि माच रिकामे. चुलतदीर हीबर येता-जाता तिकडे नजर लावून असे. वापर नाही तर मालक नाही, असं तो दुकानात बोलल्याचं तिच्या कानावर आलं होतं. हा चष्मेवाला त्यानंच पाठवला असणार.

"रूम म्हणजे निजायची खोली," ती म्हणाली. "तुमच्याकडे नसते का?"

तो हसला. मुळात हा शब्द म्हणजे नुसती मोकळी जागा, म्हणाला. इंग्लंडात पुढे त्याला भिंती आल्या, खोली झाली. इथे आलेल्या कोळ्यांनी मात्र किनाऱ्याचे तुकडे पाडले आणि त्यांनाच रूम म्हटलं. मग खिडकीतून बोट दाखवून त्यानं विचारलं, ती समोरची कुणाची? चालू आहे का?

"मला नाही ठाऊक. मी लग्न होऊन बाहेरून आलेय."

स्टोव्हवर किटली गुणगुणत होती. तिनं ती मागे सारली. घरी आलेल्याला चहा न विचारण्याची तिची ही पहिलीच वेळ. कान गरम झाले तिचे, पण किटली पुढे आली नाही.

तेवढ्यात हीबर आत शिरला. "वहिनी, पाहुणे आलेत म्हणे." आता या दोघांची नजरानजर होईल म्हणून ती टक लावून बसली. पण हीबरची नजर यंत्रावरून हलेना. यात आपला आवाज राहतो का, सेंट जॉन्सचे लोक ऐकतील का, असं त्यानं दोनदा विचारलं. फ्रॅम्टननं त्यालाही तोच प्रश्न टाकला.

"हिला काय विचारता, ही पलीकडच्या बेटावरची," हीबर खुर्ची ओढत म्हणाला. "रूम म्हणजे शेड, कोठी, माच, सगळा किनारा. ही समोरची बघा, आमच्या घराण्याची रूम. आजोबांनी बांधली, थोरल्या काकांना, म्हणजे हिच्या सासऱ्यांना दिली. आता ती जेथ्रोची..."

तिथे त्याची जीभ थबकली.

"साहेब, हे पुन्हा ऐकवता येतं?" डॉर्कसनं विचारलं. येतं म्हटल्यावर तिनं खिडकी उघडून कुंपणावर कपडे टाकणाऱ्या शेजारच्या केझाया मावशीला हाक मारली. मावशी हात पुसत आली, सरळ स्टोव्हपाशी बसली. यंत्र हीबरच्या आवाजात बोललं. जेथ्रोची, असं स्पष्ट ऐकू आलं.

"बरोबर आहे की," मावशी म्हणाली. "पण हे यंत्राला कशाला सांगायचं? सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"ठाऊक असलेलं कुणीतरी बोललेलं बरं असतं, मावशी."

हीबर आपल्या बुटांकडे बघत राहिला. डॉर्कसनं किटली पुढे ओढली, पाव कापला, काकवी काढली. फ्रॅम्टनला कप देताना म्हणाली, "मघाचं माझं खोटं पुसून टाका. आणि पुन्हा आलात तर दार वाजवू नका. जीव घाबरा होतो."

त्यानं मान हलवली. जाताना हीबरनंही मान हलवली, जरा उशिरानं.

तरी तिचा जीव पुरता भांड्यात पडला नव्हता. हीबरचा आवाज जाणार सेंट जॉन्सला, त्याचे डोळे राहणार इथे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रायफीचे धुतलेले लंगोट घेऊन किनाऱ्यावर उतरली आणि रिकाम्या माचांवर एकेक पसरत गेली. वरच्या वाटेनं हीबर चालला होता. तो थांबला, बघितलं, पुढे गेला.

"काय बघतो गं तो," ती ट्रायफीच्या कानात म्हणाली. "वापरात आहे आपली रूम."