बॉनेटखालचा आठवा वॉशर

मित्रांनो, मी एक जुना वॉशर आहे. हो, तीच ती मधे भोक असलेली लोखंडी चकती, जी पायाखाली आली तरी कुणी वाकून उचलत नाही. मला सगळ्यांचा संशय येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं.

संशय माझ्या जन्मातच आहे. कारखान्यात यंत्रानं मला पत्र्यातून ठोकून काढलं आणि माझ्या पोटातला तुकडा भंगारात फेकला. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास म्हणून नाही. पुढे तर काय, जमायचं नट आणि बोल्टचं, आणि मधे चिरडायचं मी! बारा वर्षं मेंढ्यांच्या कुरणातल्या एका पवनचक्कीवर अशी काढली. ती चक्की मोडल्यावर ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावच्या क्लाइव्ह ट्रेंबाथनं तिचे नट-बोल्ट गोळा करून नेले आणि मी त्याच्या गॅरेजमधल्या जॅमच्या डब्यात पडलो.

क्लाइव्ह खाणीत फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं आपल्या जुन्या गाडीला मोठा टर्बो बसवला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी सुसाट पळते, पण टर्बो तापून लालबुंद होतो. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतच चव्वेचाळीस अंश. बॉनेटखाली नुसती भट्टी पेटली. तारांवरचं प्लास्टिक वितळू लागलं.

क्लाइव्हनं दोन उपाय केले, तेही एकाच आठवड्यात. सगळी भानगड तिथंच झाली.

पहिला उपाय म्हणजे त्यानं इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर आंते वुकिचकडे नेला. आंते रेडिएटर दुरुस्त करायचा. त्याचं दुकान मुख्य रस्त्याला लागूनच होतं. शाळेपासूनचा दोस्त, आणि दर शुक्रवारी क्लबमध्ये पत्त्यांच्या डावात अठ्ठावीस वर्षं क्लाइव्हचा भिडू. त्यानं आतली जाळी नवी बसवून दिली.

दुसरा उपाय म्हणजे आम्ही. क्लाइव्हनं डब्यातून आम्हा आठ जणांना काढलं आणि बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली चार-चार बसवलं. बॉनेटची मागची कड बोटभर उचलली गेली. समोरच्या काचेच्या पायाशी फट पडली. गाडी उभी राहिली की फटीतून गरम हवेचा लोट वर जाताना दिसायचा. शुक्रवारी क्लबबाहेर सगळे जमले.

"काय डोकं चालवलंय रे क्लाइव्ह!"

"पैशाचं काम नाही आणि भट्टी थंड!"

माझी छाती फुगली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं होतं.

पुढच्याच रविवारी गाडी मिल्ड्युरा शहराच्या रस्त्याला लागली. सरळ, सपाट रस्ता. वेग शंभरच्या वर गेला आणि तापमानाचा काटा चढू लागला. क्लाइव्हनं गाडी बाजूला घेऊन उभी केली, तर काटा खाली. पुन्हा पळवली, पुन्हा वर! मला लगेच संशय आला. आधी पंख्याचा, मग टर्बोचा, मग आंतेचा. क्लाइव्हला मात्र थेट आंतेचाच आला.

आंतेनं रेडिएटर परत घेतला. पाण्यात बुडवून, आत हवा भरून तपासला. एक बुडबुडा आला नाही.

"माझ्या कामात खोट नाही," तो म्हणाला. "तूच इंजिनाच्या जिवावर उठलायस. थोडा जोर कमी कर."

"माझ्या इंजिनाचं मी बघतो. तू तुझी जाळी बघ!"

गाडी पुन्हा तापली. मग शुक्रवारी क्लबमध्ये, आंते यायच्या आत, क्लाइव्ह सगळ्यांदेखत बोलून गेला, "आंतेच्या हातात आता राम राहिला नाही. हलकं सामान घालतो. मी तर आता त्याच्याकडे पाऊल टाकणार नाही."

दारात कोण उभं होतं? आंतेच! त्यानं सगळं ऐकलं. टोपी घातली आणि आला तसा परत गेला.

गाव लहान, मित्रांनो. महिन्याभरात दोन मेंढीवाल्यांनी आपले रेडिएटर मिल्ड्युराला नेले. त्यातला एक मॅडिगन, आंतेचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. आंतेच्या दुकानात दिवस दिवस हातोडीचा आवाज येईना. शुक्रवारी पत्त्यांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी राहू लागली. क्लाइव्ह त्या खुर्चीकडे पाहायचा नाही.

क्लाइव्हची मुलगी रोवेना खाणीत भला मोठा ट्रक चालवते. तिला हे सहन होईना.

"बाबा, आंतेकाकांचं काम वाईट असेल हे कशावरून?"

"गाडी तापते, यावरून."

"आणि त्याच आठवड्यात तुम्ही वॉशर लावलेत, त्यांचं काय?"

"वॉशर? अगं, त्यातून गरम हवा बाहेर पडते. अख्ख्या क्लबनं पाहिलंय!"

"गाडी उभी असताना पाहिलंय. पळताना कुणी पाहिलंय?"

माझ्या अंगावर काटा आला. ही पोरगी माझ्याच मुळावर उठली होती.

तिनं आईच्या विणकामाच्या टोपलीतून लाल लोकर आणली. बोटाएवढे धागे कापून फटीच्या कडेला ओळीनं चिकटवले. क्लाइव्ह गाडी चालवायला बसला आणि ती शेजारी बसून धाग्यांवर नजर ठेवू लागली. गाडी उभी असताना धागे बाहेर, काचेकडे उडत होते. क्लाइव्ह मिशीत हसला. गाडी निघाली. साठ. ऐंशी. धागे गोंधळले. शंभर झाले आणि सगळेच्या सगळे धागे उलटे फिरून फटीतून आत गेले.

"बाबा, हवा आत शिरतेय!"

समोरून येणारा वारा काचेवर आपटून तिथं दाटत होता आणि आमच्या फटीतून बॉनेटखाली घुसत होता. मग रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला आत जागाच उरत नव्हती. मागच्या दारानं आगंतुक शिरले आणि पुढच्या दारात पाहुणे ताटकळले, तसं झालं.

क्लाइव्हनं तिथंच रस्त्याच्या कडेला आम्हा आठही जणांना काढलं. बॉनेट खाली बसलं. गाडी पुन्हा शंभरवर गेली. काटा जागचा हलला नाही. क्लाइव्हनं गाडी कडेला घेतली. मग एवढंच म्हणाला, "मी काय करून बसलो गं!"

आता खरं सांगतो. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फटीच्या तोंडाशीच तर बसलो होतो मी! वेग वाढला की वारा पाठीवर आदळायचा आणि आत जायचा. दर वेळी जाणवायचं. पण मी पंख्यावर संशय घेण्यात, टर्बोवर घेण्यात, आंतेवर घेण्यात इतका गुंतलो होतो की स्वतःच्या पाठीचं काही ऐकलंच नाही. शिवाय खोटं कशाला बोलू, कौतुकाची चटक लागली होती.

शुक्रवारी क्लाइव्हनं आम्हा आठ जणांना पत्त्यांच्या टेबलावर खणकन ओतलं.

"गाडी यांनी तापवली," तो म्हणाला. "आणि हे मी लावले होते. आंतेचं काम चोख होतं. मी बोललो ते खोटं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्हाला खिशात घालून तो आंतेच्या दुकानात गेला. आंतेनं मान वर केली नाही.

"क्लबमध्ये सांगितलंस म्हणे."

"सांगितलं."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत. मॅडिगन तेवढा नव्हता."

"हं. आता मला सांग."

क्लाइव्हनं पुन्हा सगळं सांगितलं. आंतेनं ऐकून घेतलं. मग क्लाइव्हनं पुढे ठेवलेल्या आमच्यातला एक उचलला, तो मी. त्यानं भिंतीत खिळा ठोकून मला टांगलं.

"हा इथंच राहू दे. पुढच्या वेळी तू ओरडत आलास की आधी याला विचारीन. आणि त्या टर्बोला गोधडी गुंडाळ, वेड्या! उष्णता त्याची त्याच्यापाशीच राहू दे. त्याच्या आणि तारांच्या मध्ये घालायला पत्र्याचा आडोसा मी वाकवून देतो."

आता क्लाइव्हचा टर्बो काचतंतूंची जाड गोधडी पांघरून बसतो आणि शुक्रवारी ती खुर्ची भरलेली असते. माझी सात भावंडं परत डब्यात गेली. त्यांची आठवण येते. दोन मेंढीवाल्यांपैकी एक परत आला.

मॅडिगन मात्र आला नाही. खिळ्यावरून मला रस्ता दिसतो. दर मंगळवारी त्याची गाडी धूळ उडवत समोरून जाते. ती आली की आंतेची हातोडी थांबते आणि निघून गेली की पुन्हा सुरू होते. क्लाइव्ह दोनदा त्याच्या कुरणापर्यंत जाऊन आला. मॅडिगन त्याला म्हणाला, "तेव्हा तूच सांगितलंस. आता पण तूच सांगतोयस. कुठलं खरं मानू?"

मित्रांनो, मला काढायला एक पाना पुरला. ते क्लबमधलं वाक्य मात्र अजून निघालेलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, हात नसले तरी. कुणाच्या कामाला नावं ठेवण्याआधी आपण त्याच आठवड्यात काय लावलंय ते एकदा पाहा. संशय जरूर घ्या, मीही घेतो. पण पहिला धागा आपल्याच फटीशी चिकटवा.

आज मंगळवार आहे. हातोडी थांबली आहे.